पाटी आणि काटवट

माझं लग्न १९८० साली झालं. मुलगी चुलत्यानं पसंत केली. मी तिला नीट पाहिली ती मांडवातच. आमच्या कळंब भागात तवा तसंच चालायचं. माळवदाच्या घरात सतरा माणसं, दिवसा नवरा-बायकोनं बोलायची सोय नाही. मी दहावी शिकलेला, तिनं शाळेची पायरीही चढलेली नाही. पन्नाशीत रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० सालचं पुस्तक हाती आलं, अन् माझी मलाच लाज वाटली.

१८७३ साली महादेव गोविंद रानड्यांची पहिली बायको वारली. आमच्याकडं निजामाचं राज्य होतं, पुण्या-मुंबईकडं विधवाविवाहाची चळवळ चालू होती. रानडे तिच्यातले मोठे माणूस. आता ते विधवेशीच लग्न करतील, अशी लोकांची अपेक्षा. पण वडिलांनी घाई केली अन् त्याच डिसेंबरात देवराष्ट्रे गावच्या अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचं लग्न लावलं. नवरा ३१ वर्षांचा! वडिलांचा शब्द त्यांच्यानं मोडवला नाही. लोकांनी नावं ठेवली, ती रास्तच होती. त्या लेकराला मात्र कुणी विचारलंच नाही.

मुलगी घरात आली तवा तिला अक्षर येत नव्हतं. रानड्यांनी तिच्यापुढं पाटी ठेवली. मराठी झालं, मग इंग्रजी. इंग्रजी म्हटल्यावर घरातल्या बायका खवळल्या. टोमणे, अबोला. सासरी अबोला काय असतो, हे बाईमाणसालाच ठावं. तरी रात्रीचा धडा बंद पडला नाही.

१८८६ साली सरकारी कामानं दोघं कलकत्त्याला होते. तिथं रानडे बंगाली शिकू लागले. दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच ते अडलेले शब्द विचारायचे. रमाबाईंना हसू आलं. मग तीच बंगाली त्यांनी रमाबाईंना शिकवली.

आमच्या घरात वीस-बावीस वर्षं कारभारणीचा अंगठाच चालला. तिला सही शिकवली ती लेकीनं, मी नाही. हे पुस्तक मी तिला ओसरीत बसून रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. न्हाव्याची गोष्ट आली तशी ती म्हणाली, ‘‘आवो, एवढा मोठा माणूस न्हाव्यापाशी शिकाया लाजला न्हाई. तुम्ही माझ्यापाशी काय शिकलात?’’

मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तिनं मला काटवटीपुढं बसवलं. माझी भाकरी अजून तव्यावर टाकताना फाटती.