अळंबीच्या नावाचा कर्करोग

पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयातील डॉक्टर जाँ-लुई आलिबेर यांनी १८०६ साली एका विलक्षण रुग्णाचे वर्णन केले. त्याच्या अंगावर आधी चट्टे उठले आणि पुढे अळंबीसारख्या गाठी आल्या. या रूपावरून आलिबेर यांनी १८३२ मध्ये रोगाला ‘मायकोसिस फंगॉइडिस’ असे नाव दिले. वास्तविक या रोगाचा बुरशीशी काहीही संबंध नाही. नाव मात्र आजही तेच आहे.

१८७० मध्ये एर्नेस्त बाझँ यांनी रोगाच्या तीन अवस्था सांगितल्या : चट्टे, जाड चकत्या आणि गाठी. अनेक रुग्णांत रोग पहिल्या अवस्थेतच वर्षानुवर्षे राहतो. ही गोष्ट ध्यानात ठेवू. पुढे तिचे महत्त्व कळेल.

मग हा रोग आहे तरी कशाचा? आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ‘टी लिम्फोसाइट’ या पेशी शरीराचे रक्षण करतात. त्यांतल्याच काही पेशी त्वचेत जमून बेसुमार वाढू लागतात. म्हणजे हा त्वचेतला लिम्फोमा होय. हे स्पष्ट झाल्यावर १९७५ मध्ये अशा रोगांना ‘त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा’ हे नाव मिळाले.

उपचार मात्र त्याआधीच सुरू झाले होते. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. १९०२ पर्यंत ते या रोगावर वापरले गेले. पण क्ष-किरण शरीरात खोलवर जातात. साऱ्या अंगावर ते सोडले, तर हाडांतील मगजालाही इजा होते. १९५०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जॉन ट्रम्प आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरला. योग्य ऊर्जेचे इलेक्ट्रॉन त्वचेत थोड्या मिलिमीटरांपर्यंतच पोचतात. रोग जेवढा वरवर, तेवढाच मारा!

दुसरे औषध युद्धातून आले. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूच्या बळींमध्ये पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या होत्या. त्या वायूच्या रासायनिक भावंडाचा, नायट्रोजन मस्टर्डचा, लिम्फोमावरील पहिला प्रयोग १९४२ मध्ये येल विद्यापीठात झाला. पुढे ते त्वचेवर लावण्याचे औषध झाले.

तिसरा उपचार आपल्या ओळखीचा वाटेल. पांढऱ्या डागांवर बावचीचे बी लावून उन्हात बसण्याचा उपाय आयुर्वेदात जुना आहे. बावचीत सोरालेन असते. त्याच्याच कुळातले औषध घेऊन त्वचेवर अतिनील ‘अ’ किरण सोडले, की ते पेशींच्या डीएनएला चिकटते आणि पेशींची वाढ थांबते. ही पद्धत १९७४ मध्ये सोरायसिसवर आणि १९७६ मध्ये या लिम्फोमावर यशस्वी ठरल्याचे प्रसिद्ध झाले.

आता प्रश्न असा उभा राहिला : कर्करोगच आहे, तर सुरुवातीलाच सर्व शक्तीनिशी हल्ला का करू नये? त्याचे उत्तर १९८९ मध्ये अमेरिकेत मिळाले. १०३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला जबर रसायने आणि इलेक्ट्रॉनांचा मारा, तर दुसऱ्याला गरजेप्रमाणे एकेक सौम्य उपचार. पहिल्या गटात ३८ टक्के रुग्णांचा रोग पूर्ण नाहीसा झाला, दुसऱ्या गटात १८ टक्के. पण आयुर्मानात फरक पडला नाही. पहिल्या गटाच्या वाट्याला त्रास मात्र पुष्कळ अधिक आला.

म्हणूनच आज सुरुवातीच्या अवस्थेत मलमे व प्रकाशोपचार पुरेसे मानले जातात. मोगॅम्युलिझुमॅबसारखी नवी औषधे (अमेरिकेत मान्यता २०१८) पुढच्या अवस्थांसाठी राखून ठेवतात. चट्टे नाहीसे होणे आणि रुग्ण अधिक जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक डॉक्टरांच्या अनुभवाने नव्हे, तर दोन गटांच्या तुलनेने दाखवला. विद्यार्थ्यांना ‘प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट कशाला?’ हे समजावताना हे उदाहरण जरूर सांगावे.