मार्गशीर्षात शांत, वैशाखात अनावर : घोडीचा माज आणि वरातीचा हंगाम

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, तापीकाठी भरणाऱ्या या घोडेबाजारात मारवाडी, काठियावाडी, पांढरीशुभ्र नुकरा अशी जनावरे दुरून येतात. वरातीच्या धंद्यासाठी घोडी घेणारा मनुष्य तेथे तिचे दात पाहतो, पाय पाहतो, अंगावरचे भोवरे मोजतो, तिला गर्दीतून फिरवतो, ढोलापुढे उभी करतो. घोडी जागची हलत नाही. सौदा ठरतो. पुढे चैत्र-वैशाखात तीच घोडी मिरवणुकीच्या मध्येच अडून बसते, दुसऱ्या घोड्याकडे पाहून खिंकाळते, शेपूट वर करून थोडी थोडी लघवी करीत राहते, तंग आवळताना लाथ झाडते. घेणाऱ्यास आपण फसलो असे वाटू लागते आणि मोतद्दाराच्या हातात चाबूक येतो.

विकणाऱ्याने लबाडी केलेली असतेच असे नाही. दत्तजयंती येते ती वर्षातील सर्वांत लहान दिवसांच्या सुमारास, आणि लग्नसराईचा भर असतो तो दिवस लांबत जाण्याच्या काळात. घोडीच्या शरीराला हा फरक बरोबर कळतो.

खानवेल-सिल्वासा परिसरात गाय-बैल, शेळ्या यांच्या मानाने घोडी ही क्वचित दिसणारी बाब. (वारल्यांच्या लग्नातील चौकात घोड्यावर बसलेला देव रंगवतात, तो भाग वेगळा.) त्यामुळे गाईचा माज अचूक ओळखणारा अनुभवी शेतकरीही घोडीच्या बाबतीत चकतो, कारण तो गाईचे गणित घोडीला लावतो. गाय वर्षभर माजावर येते आणि तिचा माज साधारण 12 ते 18 तासांत ओसरतो. घोडीचे तसे नाही. तिचे चक्रही सुमारे 21 दिवसांचे असले, तरी त्यातील माज 5 ते 7 दिवस टिकतो, कधी त्याहून अधिक. आणि हे चक्र मुख्यतः मोठ्या दिवसांच्या ऋतूत चालते. गर्भकाळ सुमारे 11 महिन्यांचा असल्याने शिंगरू पुन्हा चाऱ्याच्या, उबेच्या दिवसांतच जन्मावे, अशी ही निसर्गाची योजना आहे.

उजेडाचा हिशेब

डोळ्यात शिरणारा उजेड मेंदूतील पीनियल ग्रंथीपर्यंत संदेश पोहोचवतो. रात्र मोठी असली की ही ग्रंथी मेलाटोनिन अधिक काळ स्रवते आणि बीजकोशांना चालना देणारी संप्रेरके दबलेली राहतात. दिवस लांबला की ती जागी होतात, बीजकोशात बीजपुटे वाढू लागतात, त्यांतून इस्ट्रोजेन रक्तात उतरते आणि घोडीचे वागणे पालटते. बीज सुटल्यानंतर त्या जागी तयार होणारा पीतपिंड प्रोजेस्टेरोन स्रवतो. पुढचे साधारण दोन आठवडे त्याचा अंमल असतो. बीज सुटते ते माज संपण्याच्या 24 ते 48 तास आधी.

युरोपात हिवाळ्यातील दिवस आठ तासांचा आणि उन्हाळ्यातील सोळा तासांचा असल्याने तेथील बहुतेक घोड्या थंडीत पूर्णपणे विश्रांती घेतात. खानवेल साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपासचा. फरक कमी, म्हणून ऋतूची रेषाही पुसट. चांगल्या खाण्यापिण्याची एखादी घोडी डिसेंबरातही माजावर येते, तर दुसरी फाल्गुनापर्यंत गप्प असते. प्रत्येक घोडीचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो तो यासाठीच.

सर्वांत त्रासाचा काळ मात्र ऐन हंगामाचा नसून त्याच्या उंबरठ्यावरचा. विश्रांतीतून बाहेर पडताना बीजपुटे वाढतात, विरतात, पुन्हा वाढतात. बीज काही सुटत नाही. या काही आठवड्यांत घोडी दहा-पंधरा दिवस सलग माजाची लक्षणे दाखवते, दोन दिवस थांबते, पुन्हा सुरू करते. पहिले बीज सुटले की चक्र नियमित होते आणि पुष्कळशी कटकट आपोआप कमी होते. माघ-फाल्गुनात घोडी बिघडली म्हणून घाईने विकणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

माज कोणता, राग कोणता

शेपूट बाजूला धरणे, मागचे पाय फाकवून किंचित बसल्यासारखे उभे राहणे, वारंवार थोडी लघवी, योनीची उघडझाप, दुसऱ्या जनावराजवळ घुटमळणे, कामात लक्ष नसणे ही माजाची लक्षणे. यांत कान मागे पाडून चावायला धावणे नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. माजावरची घोडी नराला सहसा जवळ येऊ देते. त्याच्यावर किंचाळते, लाथा झाडते ती माजावर नसलेली घोडी. म्हणजे शेजारी नर बांधला म्हणून उसळणाऱ्या घोडीला ‘माजली’ म्हणणे बहुधा उलटे निदान ठरते. तिला तो नको आहे. दोर लांब बांधला की प्रश्न मिटतो.

याहून महत्त्वाची गोष्ट दुखण्याची. घट्ट खोगिराने सोललेली पाठ, तंगाखालची जखम, जठरातील व्रण, मूत्रमार्गाचा दाह, पायाचा लंगडेपणा यांपैकी कशानेही घोडी तंग आवळताना चावते, शेपूट फटकारते, वारंवार लघवीला उभी राहते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. फरक कळतो तो तारखांवरून. तबेल्याच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेवर रोज एक खूण करावी : घोडी कशी वागली, लघवी कशी होती, खाल्ले किती. दोन-तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होते. त्रास दर तीन आठवड्यांनी येऊन पाच-सहा दिवसांत जात असेल, तर तो माजाचा. रोजच असेल, पौषातही तितकाच असेल, तर खोगीर उतरवून पाठ चाचपावी आणि पशुवैद्यास बोलवावे. या लेखातील एकच गोष्ट कोणी करणार असेल, तर ही नोंद करावी. औषधाचा खर्च तिने अनेकदा वाचतो.

नोंद असली की पुढचे दिवस आधी कळतात. त्या तारखांना वरातीची सुपारी घेतलीच, तर सोबत नर घोडा नसावा. दोन घोड्यांची मागणी असेल तर दुसरा खच्ची केलेला असावा. नवरदेवाच्या पुढ्यात लहान मूल बसवण्याची हौस त्या दिवशी टाळलेली बरी. डीजेच्या भिंतीला आणि फटाक्यांच्या माळेला नेहमी सरावलेली घोडीही या दिवसांत अधिक दचकते. बीज सुटण्याच्या सुमारास काही घोड्यांच्या कुशीला स्पर्श सहन होत नाही. तंग एकदम न आवळता दोन-तीन टप्प्यांत आवळावा, टाच जपून लावावी. दिवसभर अगाडी-पिछाडी घालून उभ्या ठेवलेल्या घोडीपेक्षा रोज मोकळी फिरणारी, हलके काम करणारी घोडी हे दिवस सोपे काढते. काम कमी असताना दाणा कमी करावा, चारा वाढवावा.

माथेरानसारख्या ठिकाणी हा प्रश्न आणखी अवघड. तेथे मोटारींना बंदी असल्याने चारशेहून अधिक घोडे पर्यटकांची ने-आण करतात आणि मे महिन्यातील सुटीची गर्दी नेमकी माजाच्या भरात येते. पाठीवर बहुधा कधीच लगाम न धरलेला मुंबईकर असतो. अशा ठिकाणी घोडीला बदलण्यापेक्षा रांगेतील नरांना तरुणपणीच खच्ची करणे हा अधिक स्वस्त आणि सुरक्षित उपाय आहे, असे आमचे मत.

काटेरी लगाम हा उपाय नव्हेच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960चा आहे आणि ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसंबंधी 1965च्या नियमांनी टोकदार लगाम वापरण्यास मनाई केली आहे. तरीही तो वरातीत दिसतो. तोंडात रक्त आलेली घोडी थांबते हे खरे. मात्र पुढच्या खेपेस लगाम पाहूनच ती मागचे पाय उचलते.

औषधांचा मोह

माज थांबवण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे अल्ट्रेनोजेस्ट. हे प्रोजेस्टेरोनसारखे काम करते, रोज तोंडावाटे द्यावे लागते आणि दोन-तीन दिवसांत वागण्यात फरक दिसतो. ते द्रवरूप असून माणसाच्या कातडीतून शरीरात उतरते, म्हणून गर्भवती स्त्रीने त्या बाटलीला हात लावू नये आणि इतरांनीही हातमोजे घालावेत. औषध देऊनही घोडी तशीच वागत राहिली, तर कारण माज नव्हे, हाही एक निष्कर्ष मिळतो. पशुवैद्याच्या चिठ्ठीविना मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

स्त्रियांसाठीचे गर्भनिरोधक इंजेक्शन, म्हणजे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरोन, घोडीला टोचण्याची पद्धत परदेशांतील शर्यतींच्या तबेल्यांत बोकाळली होती. तपासणीत त्याने घोडीचा माज थांबत नाही असेच आढळले, शिवाय टोचल्यावर जीवघेणी प्रतिक्रिया उमटल्याच्या नोंदी आहेत. गर्भाशयात काचेची गोटी ठेवण्याची एक युक्तीही मध्यंतरी चालली. ती निम्म्याहून कमी घोड्यांत लागू पडते, गोटी आत फुटल्याची उदाहरणे घडली आणि जाणकारांनी ती सोडून दिली. निर्गुंडीच्या कुळातील एका परदेशी झुडपाचे चूर्णही विकले जाते. त्याचा भरवशाचा पुरावा नाही. बीजकोश काढून टाकल्यावरही काही घोड्या माजाची लक्षणे दाखवत राहतात.

एक लक्षण मात्र थांबण्याजोगे नाही. घोडी नरासारखी वागू लागली, इतर घोड्यांवर चढू लागली, मान जाड दिसू लागली किंवा महिनोन्‌महिने सतत माजावर राहिली, तर बीजकोशातील गाठीची शंका घ्यावी. ग्रॅन्युलोसा पेशींची ही गाठ घोडीच्या बीजकोशातील सर्वांत नेहमी आढळणारी गाठ आहे. ती सहसा पसरत नाही. सोनोग्राफी व रक्ततपासणीत कळते आणि तो एक बीजकोश काढला की काही महिन्यांत दुसरा पूर्ववत काम करू लागतो. येथील घोडीवाल्यास त्यासाठी नवसारीचे किंवा मुंबईत परळचे पशुवैद्यक महाविद्यालय गाठता येते. बडवून सरळ करू पाहिलेल्या किती घोड्यांच्या पोटात अशी गाठ असेल, कोण सांगणार.

घोडी गाभण राहिली की शांत होते, हा सर्वत्र ऐकू येणारा सल्ला. त्यात तथ्य आहे, पण हिशेब पुरा मांडलेला नसतो. वैशाखात भरवलेली घोडी पुढच्या चैत्रात विते, म्हणजे शेवटचे महिने आणि लग्नसराईचा मोठा भाग ती कामावर नसते. शिंगरू दूध पिते तोवर तिला वरातीत न्यायचे, तर पाठोपाठ शिंगरूही डीजेसमोर येणार. आणि व्याल्यानंतर 7 ते 10 दिवसांत ती पुन्हा माजावर येते.