दुसरा पडदा

वऱ्हाडांत गांवचें दप्तर पटवाऱ्यापाशीं असे. बुलढाणा, चिखली, मेहकर या बाजूचा शेतकरी त्याच्यासमोर बसून आपलें नांव, बापाचें नांव, शेताची हद्द तोंडीं सांगे आणि पटवारी तें मोडींत उतरवून घेई. दप्तराचें तोंड लिहिणाराकडे असावें असा नियम कोणीं घालून दिला नव्हता. बसण्याची रीतच तशी होती. काय लिहिलें गेलें हें सांगणारास पुष्कळदां वारसाच्या नोंदीच्या वेळींच, म्हणजे एका पिढीनंतर कळे. दप्तराच्या जागीं संगणक आला, तरी पडद्याचें तोंड कारकुनाकडेच राहिलें. तें वळलें कसें, ही हकीकत थोडी लांबून सांगावी लागते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० सालीं एक संगणक चालू केला. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें नांव टिफ्रॅक असें ठेविलें. त्याचें उत्तर कागदावर उमटे. आलेख व अक्षरें दाखविण्यासाठीं कॅथोड किरणांच्या नळीचा एक पडदाहि त्यास जोडलेला होता, पण तो केवळ साहाय्यक म्हणून. म्हणजे त्या यंत्राचा पहिला पडदाच मुळीं दुय्यम होता!

१९८१ सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें टेबलावर मावणारा संगणक विक्रीस काढला. त्यास पडदा जोडण्याचीं कार्डें दोन प्रकारचीं होतीं, एक एकरंगी अक्षरांचें व दुसरें रंगीत चित्रांचें. दोहोंच्या स्मृतीच्या जागा निरनिराळ्या असल्यामुळें तीं एकाच यंत्रांत बसवितां येत आणि दोन पडदे शेजारीं शेजारीं चालत. १९८३ चा लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्रॅम याचा लाभ घेऊन एकावर आंकडे व दुसऱ्यावर त्यांचा आलेख दाखवी. १९८७ च्या मॅकिंटॉश-२ वर तर अनेक पडदे मिळून एकच सलग पट होई. इतर संगणकांत मात्र नवीं कार्डें एकाच जागेवर हक्क सांगूं लागलीं, आणि १९९८ सालीं विंडोज-९८ येईपर्यंत ही सोय सामान्यांस दुर्मिळच राहिली.

आतां दुसऱ्या खोबणींत केबल खोचली कीं काम भागतें. एवढेंच ठरवावें लागतें कीं, दुसऱ्या पडद्यानें पहिल्याचा विस्तार करावा कीं त्याचीच नक्कल दाखवावी. विस्तार हा काम करणाराच्या सोयीचा. नक्कल वरवर पाहतां निरुपयोगी वाटते. एकाच माणसानें तेंच दोनदां कशाला पाहावें? पण टेबलापलीकडे दुसरें माणूस बसलेलें असेल, तर नकलेचें मोल एकदम बदलतें.

२९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं देशांतील पहिला आधार क्रमांक देण्यांत आला. या नोंदणीच्या सामग्रींत चालकाच्या संगणकाखेरीज रहिवाशाकडे तोंड केलेला एक मॉनिटर नियमानेंच घातलेला आहे. चालक टंकित असतांना ज्याचें नांव त्यानें तें पाहावें, हा त्यामागील हेतु.

तो किती आवश्यक होता हें बुलढाण्याच्या लोकांस निराळें सांगावयास नको. माहिती प्रथम इंग्रजींत भरली जाते व यंत्र तिचें मराठी लिप्यंतर करतें. रोमन लिपींत ळ नाहीं, ण नाहीं, ढ नाहीं. जिल्ह्याचें नांवच ‘बुलधाना’ होऊं शकतें. मग शेळक्यांचा ‘शेल्के’ आणि काळ्यांचा ‘काले’ व्हावयास कितीसा वेळ? पडद्यावर असतांना चूक दिसली, तर अक्षर बदलण्यास क्षण पुरतो. नोंद पुरी होऊन गेल्यावर तीच चूक काढावयाची म्हणजे पुन्हां पुरावे, पुन्हां रांग व वर शुल्क. आणि शाळेचा दाखला एक व आधार दुसरेंच नांव सांगूं लागला, कीं शिष्यवृत्तीपासून पेन्शनपर्यंत अडतें.

ज्यास वाचतां येत नाहीं, त्याला मात्र हा पडदा पटवाऱ्याच्या मोडीइतकाच मुका. म्हणून नांव, पत्ता, जन्मतारीख चालकानें मोठ्यानें वाचून दाखवावी असाहि नियम आहे. बाहेर रांग वाढली म्हणजे हें वाचन प्रथम आटोपतें घेतलें जातें. अशा वेळीं म्हातारीसोबत आलेली शाळकरी नात मॉनिटरजवळ सरकते, ओळीखालीं बोट धरून आजीचें नांव वाचते, आणि “ल नाहीं, ळ पाहिजे,” असें सांगते.