शब्द नसलेल्या सुरांची निवड

बंगळूरचे शिवाजीनगर हे 1809 साली वसलेल्या इंग्रजी छावणीचे अंग. लष्करी वाद्यवृंद या देशात अशा छावण्यांबरोबर आला. शब्दांवाचून वाजणारी चाल श्रोत्यास का आवडावी, हे त्याच्या इतिहासावरून उमगते. दिल्लीतील 29 जानेवारीच्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात विल्यम मंक यांच्या चालीतील ‘अबाइड विथ मी’ हे स्तोत्र वर्षानुवर्षे वाजे; 2022 मध्ये त्याऐवजी सी. रामचंद्र यांच्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची योजना झाली. दोन्ही चाली संथ, दोहोंवर मृत्यूची छाया. परंतु पहिलीत भक्त अंतकाळी ईश्वराची सोबत मागतो. दुसरीत समाज 1962 च्या युद्धातील हुतात्म्यांना स्मरतो. वाद्यांना शब्द नसतात. श्रोताच ते आपल्या स्मृतीतून पुरवितो आणि आवडनिवड तेथेच ठरते. 2022 चा निर्णय म्हणूनच दोन स्मृतींमधील निवड होती.