शाळामास्तरांचें शिक्षण आणि त्यांचा संघ

महोत्सवाच्या आनंददायक प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाचा जुना जमाखर्च मांडण्याची रीत आहे. कोणत्या फादरांनीं पायाचा दगड बसविला, देवालयाची घंटा कोणीं दिली, कोणत्या घरानें जागा सोडली, हें सारें अशा पुस्तिकेंत आदरानें लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु पेण-रोह्याकडील आपल्या घरांत जें कांहीं वाचन-लेखन आलें, तें ज्यांच्या हातून आलें, त्या मास्तरांची, बाईंची, कारकुनाची आणि शाळेची घंटा देणाऱ्या शिपायाची नोंद अशा वह्यांत क्वचितच सांपडते. ती उणीव थोडीशी भरून काढावी, म्हणून आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

त्यांचा इतिहास दोन धाग्यांचा आहे. शिकविणाऱ्यानें स्वतः शिकत कसें राहावें, हा एक. आणि आपल्या पोटासाठीं व मानासाठीं सर्वांनीं एकत्र कसें यावें, हा दुसरा. पुष्कळांस हे दोन धागे परस्परविरुद्ध वाटतात. मास्तर संघांत गेला कीं वर्गांतून गेला, असें आपल्यांतील वडील मंडळी म्हणत असत. हें म्हणणें कितपत खरें, तें इतिहासासच विचारूं या.

आपला मुलूख लहान. भोगावतीच्या कांठीं पेण, कुंडलिकेच्या कांठीं रोहें. आणि कुंडलिका जेथें समुद्रास मिळते तेथें रेवदंडा व कोर्लई, जेथील ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीज अमदानीपासूनची आहे. १९८१ पर्यंत या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. पुढें त्याचें नांव रायगड झालें. पेण तालुक्यांतील गागोदें या गांवीं १८९५ सालीं विनोबा भावे जन्मले. रोह्यांत चिंतामणराव देशमुखांचें बालपण गेलें. पुढें ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले आणि १९५६ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. विनोबांचा आणि आपल्या विषयाचा संबंध पुढें येणारच आहे.

मास्तरांस आधीं शिकवावें आणि मग शाळेवर पाठवावें, ही कल्पना आपल्या इलाख्यांत दोनशें वर्षांची जुनी आहे. मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीनें कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं कांहीं तरुण तयार केले, आणि १८२६ च्या सुमारास चोवीस मराठी शिक्षक निरनिराळ्या जिल्ह्यांत रवाना झाले. १८४५ मध्यें मुंबईंत शिक्षकांसाठीं नॉर्मल स्कूल निघालें. त्याचे प्रमुख होते बाळशास्त्री जांभेकर, कोंकणांतील पोंभुर्ल्याचे. दुसऱ्याच वर्षीं त्यांचें निधन झालें, परंतु पाया घातला गेला होता. स्त्रियांच्या बाजूस पाहिलें तर सावित्रीबाई फुले यांनींही अहमदनगर येथें मिस फॅरार व पुण्यांत मिचेल बाई यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले होते. म्हणजे महाराष्ट्राची ती आद्य शिक्षिका प्रथम विद्यार्थिनी होती.

पगाराचा प्रश्नही तितकाच जुना आहे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शिक्षक शिकून तयार झालेले असावेत आणि परीक्षा उतरलेल्या चांगल्या शिक्षकास दरमहा बारा रुपयांहून कमी देऊं नये, मोठ्या गांवीं पंधरा ते वीस रुपये द्यावे, अशी मागणी आहे. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या थोर पुरुषानें शिक्षण आणि पगार हे दोन विषय वेगळे मांडले नाहींत. अर्धपोटीं मास्तर चांगलें शिकवीत नाहीं, आणि न शिकलेल्या मास्तरास पुरता पगार मागण्याचें तोंड राहत नाहीं. हें त्यांनीं ओळखलें होतें.

पुढें १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या हातीं आला, १९४७ मध्यें नवा कायदा झाला, आणि १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत येऊन गांवोगांवचा मास्तर परिषदेचा नोकर बनला. धनी बदलले, परंतु बदलीची भीति बदलली नाहीं. स्थानिक पुढाऱ्याची मर्जी गेली कीं घाटमाथ्याच्या पायथ्याशीं असलेल्या वाडीवर रवानगी, हें आपल्या तालुक्यांतील कित्येक मास्तरांच्या घरीं ऐकिलेलें गाऱ्हाणें आहे. अशा वेळीं एकटा मनुष्य काय करणार? तो दुसऱ्यापाशीं जातो, दोघे मिळून तिसऱ्यापाशीं जातात, आणि संघ जन्मास येतो.

एकजुटीचा धडा तर या जिल्ह्यास कोणीं बाहेरून येऊन शिकविण्याची गरजच नव्हती. अलिबाग तालुक्यांत चरी येथील कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप चालविला. सहा वर्षें शेतें ओसाड राहिलीं. माणसें उपाशी राहिलीं, पण फुटलीं नाहींत. ज्या मुलांनीं तो काळ पाहिला, त्यांतूनच पुढें मास्तरही झाले.

शिक्षकांचा मोठा संप महाराष्ट्रानें पाहिला तो १९७७ च्या डिसेंबरांत सुरू झालेला. सरकारी व निमसरकारी नोकरांच्या त्या चोपन्न दिवसांच्या संपांत शिक्षकही सामील होते. त्या काळांत शाळा ओस पडल्या, आणि पालक चिडले. त्यांचें चिडणें खोटें नव्हतें. ज्यांच्या घरीं दुसरें पुस्तक नाहीं, त्यांच्या मुलांचेच ते चोपन्न दिवस बुडाले. अलीकडे मार्च २०२३ मध्यें जुन्या निवृत्तिवेतनासाठीं सात दिवसांचा संप झाला. १ नोव्हेंबर २००५ रोजीं वा त्यानंतर नोकरींत आलेल्यांस जुन्या रीतीचें निवृत्तिवेतन नाकारण्यांत आलें होतें. एकाच वर्गाच्या दोन भिंतींपलीकडे शिकविणाऱ्या दोघांचें म्हातारपण त्यामुळें निरनिराळें झालें.

खासगी शाळांतील नोकरांची कथा याहून निराळी, आणि ती आपल्या अधिक जवळची. कारण आपल्या मिशनच्या शाळा त्याच वर्गांत मोडतात. त्यांच्यासाठीं १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा १९८१ पासून महाराष्ट्रांत अमलांत आला. कामावरून काढलेल्या शिक्षकास वा शिपायास तीस दिवसांच्या आंत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येऊं लागली. त्याच कायद्यांत अल्पसंख्याकांच्या शाळांस एक सवलत आहे: मुख्याध्यापकाची आणि नांवें कळविलेल्या आणखी तिघांपर्यंतच्या नोकरांची निवड व्यवस्थापनानें आपल्या मतानें करावी. बाकीच्यांस कायद्याचें छत्र सारखेंच आहे.

या सवलतीची मर्यादा कोठें संपते, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८६ मध्यें दिल्लीच्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या प्रकरणीं दाखवून दिलें. दावा गुदरला होता शाळेच्या नोकरसंघानें. शाळा अल्पसंख्याकांची म्हणून तेथील नोकरांस इतर शाळांइतका पगार व संरक्षण नको, असें म्हणतां येणार नाहीं, असा निर्णय झाला. आपली शाळा आपल्या पद्धतीनें चालविण्याचा हक्क पवित्र आहे. परंतु आपल्याच माणसास कमी देण्याचा हक्क त्यांत येत नाहीं.

दुसरें प्रकरण शेजारच्या गोव्याचें. करंझाळे येथें धर्मभगिनींनीं चालविलेल्या शाळेंतील एका शिक्षिकेस १९७५ मध्यें कामावरून कमी केलें. तें भांडण १९८८ सालीं सर्वोच्च न्यायालयांत निकालांत निघालें. औद्योगिक तंट्यांच्या कायद्याखालीं शिक्षक हा 'कामगार' नव्हे, असें न्यायालयानें ठरविलें. मात्र शिक्षकांसाठीं दाद मागण्याची निराळी सोय कायद्यानें करावी, असेंही सुचविलें. तेरा वर्षें झगडून त्या बाईंच्या पदरांत एवढेंच पडलें कीं, आपण कामगार नव्हे. उपदानाचेंही तसेंच. १९७२ च्या उपदान कायद्याची व्याप्ति १९९७ मध्यें शाळांपर्यंत आली, परंतु शिक्षक त्यांत बसत नाहींत असें २००४ मध्यें ठरलें. २००९ मध्यें संसदेनें कायदा दुरुस्त केला, आणि २०२२ मध्यें ती दुरुस्ति न्यायालयानें कायम राखली. 'गुरु' म्हणून ज्यास नमस्कार करावयाचा, त्यास 'कामगार' म्हणण्याचा संकोच. आणि कामगार नव्हे म्हणून त्याचे पैसे अडकलेले, असा हा विलक्षण मान आहे.

या ठिकाणीं आपल्या मातृसंस्थेची शिकवण काय, तें पाहणें प्राप्त आहे. पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ च्या विश्वपत्रांत श्रमिकांच्या संघांस व न्याय्य वेतनास मान्यता दिली. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९८१ मध्यें तीच गोष्ट पुन्हां सांगितली. १९६५ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें शिक्षणावरील घोषणापत्रांत कॅथलिक शाळेचें यश शिक्षकांवर अवलंबून असल्याचें म्हटलें आणि त्यांच्या तयारीवर भर दिला. १९८३ च्या धर्मसंहितेंतील १२८६ व्या कलमान्वयें धर्मसंस्थेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांनीं देशाचे कामगारविषयक कायदे पाळावे व नोकरांस न्याय्य मोबदला द्यावा, अशी आज्ञाच आहे. तेव्हां मास्तरांच्या संघाकडे वक्रदृष्टीनें पाहणें हें आपल्या श्रद्धेचें लक्षण खचित नव्हे.

आणि तरीही आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. जिल्ह्यांतील एका विनाअनुदानित शाळेंतील एक बाई आमच्या घरोब्याच्या होत्या. पगारपत्रकावर सही एका आंकड्यावर होई, हातीं पडे त्याहून कमी. त्यांनीं हें आम्हांस सांगितलें तेव्हां आम्हीं हळहळलों, चहा घेतला आणि घरीं आलों. आमचीं मुलें त्याच शाळेंत जात होतीं. फी वाढूं नये, ही आमची इच्छा होती. त्या बाईंच्या पाठीशीं संघ नव्हता, आणि आम्हीही नव्हतों. अन्याय करणारा एक असतो. त्यावर पांघरूण घालणारे पुष्कळ असतात, आणि त्यांत आमचीही गणना आहे.

आतां शिकण्याच्या धाग्याकडे वळूं. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. आपल्या जिल्ह्याची संस्था पनवेलास आहे. राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पुण्यास. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा आली. महाराष्ट्रांत ती प्रथम डिसेंबर २०१३ मध्यें झाली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें प्रत्येक शिक्षकानें वर्षाकाठीं पन्नास तास स्वतःच्या शिक्षणास द्यावे, असें सांगितलें. आणि १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, ज्यांची पांच वर्षांहून अधिक नोकरी उरली आहे, अशा जुन्या शिक्षकांनींही दोन वर्षांत ही परीक्षा उतरावी. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोंपविला. वीस-पंचवीस वर्षें फळ्यापुढें उभ्या राहिलेल्या माणसास पुन्हां परीक्षेच्या बांकावर बसणें किती जड जातें, तें ज्याचें त्यासच ठाऊक.

येथें विनोबांची आठवण येते. १९६८ मध्यें बिहारांत त्यांनीं 'आचार्यकुल' स्थापिलें. शिक्षकांनीं सत्तेच्या व पक्षांच्या ओंजळीनें पाणी पिऊं नये, आपली विद्या आणि आपलें चारित्र्य यांच्या बळावर स्वतंत्रपणें उभे राहावें, अशी त्यामागील भावना. गागोद्याच्या त्या सुपुत्राचा विचार उदात्त होता, यांत संशय नाहीं. परंतु ज्याच्या घरांत किराण्याची उधारी थकली आहे, त्यास केवळ आचार्यत्व पुरत नाहीं. उलट, केवळ पगाराच्या मागणीवर उभा राहिलेला संघही मास्तरास मास्तर ठेवीत नाहीं. चरीच्या कुळांची एकजूट आणि गागोद्याच्या ऋषीचें स्वाध्याय, दोन्ही एका माणसाच्या ठिकाणीं आलीं पाहिजेत. जोतीरावांचें निवेदन हेंच तर सांगत होतें.

संघांनीं म्हणून प्रशिक्षणापासून पळूं नये. तें चांगलें असावें, सुटीच्या दिवसांवर लादूं नये आणि त्याचा खर्च शिक्षकाच्या खिशावर पडूं नये, अशी मागणी करावी. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमानें विधान परिषदेंत शिक्षकांस प्रतिनिधि दिले. महाराष्ट्रांत अठ्ठ्याहत्तरांपैकीं सात जागा त्यांच्या, आणि आपण कोंकण विभागांत मोडतों. परंतु मत आहे तें माध्यमिक व त्यावरील शाळांच्या शिक्षकांस. प्राथमिक मास्तरास नाहीं, कारकुनास नाहीं, शिपायास नाहीं. ज्यांचा आवाज तेथें पोंचत नाहीं, त्यांचा आवाज निदान शाळेच्या कार्यकारी मंडळांत तरी ऐकूं यावा.

आपल्या धर्मग्रामाकडून आम्ही फार मागत नाहीं. आपल्या देखरेखीखालीं जेथें शाळा असेल, तेथें प्रत्येकास लेखी नेमणूक असावी. सही होते तोच आंकडा हातीं पडावा. वर्षाच्या अंदाजपत्रकांत शिक्षकांच्या आणि शिक्षकेतर सेवकांच्याही शिक्षणासाठीं एक रक्कम बाजूस काढावी. आणि संघाचा सभासद झालेल्या मास्तरास देवालयाच्या पायरीवर कोणीं टोमणा मारूं नये. देणग्यांच्या यादींत हीं नांवें येणार नाहींत, कारण त्यांनीं रोख दिलें नाहीं; त्यांनीं दिलें तें आपल्या मुलांच्या अक्षरांत आहे.

महोत्सवाच्या मिस्साबलीनंतर गोडधोड वाटण्यापूर्वीं आपल्या जुन्या मास्तरांपैकीं, बाईंपैकीं, शिपायांपैकीं जे हयात असतील त्यांच्या घरीं एकदां जाऊन यावें, आणि त्यांचें म्हातारपण कसें चाललें आहे, तें विचारावें. आम्हीं त्या बाईंस तो प्रश्न वेळेवर विचारला नाहीं. वाचकांनीं तरी तो विचारावा.