८५८ : अमूर्त चित्रांतून उमटलेले जॅझ

१/ आठ चित्रे आणि त्यांवरून सुचलेल्या आठ स्वररचना. दोहोंची ओळख एकाच क्रमांकाने होते : ८५८.

२/ चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांचा जन्म १९३२ मध्ये ड्रेस्डेन येथे झाला. पूर्व जर्मनीत कलेने काय सांगावे, हे राज्यसत्ता ठरवीत असे. बर्लिनची भिंत उभी राहण्याच्या काही महिने आधी, १९६१ मध्ये, ते पश्चिम जर्मनीत निघून गेले.

३/ पुढे अमूर्त चित्रांसाठी त्यांनी निराळी रीत अवलंबिली. ओल्या रंगांवरून ते लांब, सपाट पट्टी ओढत. काही रंग पसरे, काही खरवडला जाऊन खालचा थर उघडा पडे. परिणाम सर्वस्वी चित्रकाराच्याही हाती राहत नसे. १९९९ मधील ८५८ ही मालिका याच रीतीची.

४/ या मालिकेवरील ग्रंथ २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यासोबतच्या ध्वनिमुद्रिकेचे संगीत जॅझ गिटारवादक बिल फ्रिझेल यांनी रचले. साथीला व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो होते.

५/ ज्या चित्रात माणूस नाही, प्रसंग नाही, त्याचे संगीत कसे करावे? फ्रिझेल यांच्या रचनांत जणू चित्रकाराची रीतच ऐकू येते. स्वरांवर स्वरांचे थर चढतात, तारांचे कर्कश ओरखडे उमटतात आणि त्यांखालून एखादी सुरावट वर येते. पुढचा स्वर कोणता, हे पुष्कळदा वादनाच्या क्षणीच ठरते.

६/ २००५ मध्ये हे संगीत स्वतंत्रपणे प्रकाशित झाले. वादकांच्या त्या चौकडीला पुढे नावही तेच मिळाले : ८५८ क्वार्टेट.