कागदावरची उमेदवारी

वकिलाला सनद मिळते, पण अशिलाला बोलते कसे करायचे हे त्याला ज्येष्ठाच्या हाताखालीच कळते. शायरीत आम्ही त्याला इस्लाह म्हणतो. शागिर्दाने गझल पुढे ठेवायची आणि उस्तादाने एखादा शब्द हलवायचा. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट पाळकाची घडणही अशीच होत असे. विद्यापीठात ईश्वरविद्या शिकून पहिली परीक्षा दिली की तरुणाने एखाद्या अनुभवी पाळकाकडे ‘व्हिकार’ म्हणून उमेदवारी करायची. बाप्तिस्मा, दफन, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, रविवारचे प्रवचन असे सगळे पाहत शिकायचे. जोडीला काही महिने पाठशाळा आणि दुसऱ्या परीक्षेनंतर दीक्षा.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि चर्चमधल्या त्याच्या पाठीराख्यांनी ज्यू वंशाच्या पाळकांना दूर करण्याचा घाट घातला. चर्चचा धनी राज्यकर्ता नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जाहीरनामा काढला. हेच ‘कन्फेसिंग चर्च’. १९३५ मध्ये त्यांनी स्वतःच्या पाच पाठशाळा काढल्या. त्यांतली एक डीट्रिख बोनहोफर या २९ वर्षांच्या पाळकाकडे आली.

आधी ते लंडनमधल्या जर्मन मंडळींचे पाळक होते आणि त्यांना हिंदुस्थानात येऊन गांधीजींच्या आश्रमात राहायचे होते. नोव्हेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना पत्र लिहून बोलावलेही. पण पाठशाळा आड आली आणि तो प्रवास राहून गेला.

बाल्टिक किनाऱ्यावरच्या झिंग्स्टला सुरू झालेली ही शाळा दोन महिन्यांत श्टेटिनजवळ फिंकेनवाल्डेला गेली. एके दिवशी स्वयंपाकघरातून मदतीची हाक आली, तर मुले जागची हलेनात. बोनहोफर मुकाट्याने उठले, आत जाऊन त्यांनी दार लावून घेतले आणि एकट्याने भांडी घासली. मागाहून आलेल्यांना आत घेतले नाही. त्यावर ते काही बोलले म्हणे नाहीत. रोज सकाळी अर्धा तास बायबलच्या एकाच उताऱ्यावर चिंतन करायचे, हा त्यांचा नियम मुलांना जड जाई. काहींना झोप येई. कार्ल बार्थसारख्या मोठ्या ईश्वरविद्यापंडितालाही त्यात मठाचा वास आला. दुसरा नियम मला अधिक अवघड वाटतो. गैरहजर माणसाविषयी बोलायचे नाही. कवींच्या बैठकीत तो लावून पाहावा!

ऑगस्ट १९३७ मध्ये हिमलरने हे शिक्षण आणि परीक्षा बेकायदा ठरवल्या. सप्टेंबरअखेर गेस्टापोने फिंकेनवाल्डेला टाळे ठोकले. वर्षअखेर तिथले २७ माजी विद्यार्थी अटकेत होते.

आता बंदी होती ती पाठशाळेवर. गावच्या पाळकाने हाताखाली उमेदवार ठेवण्याची जुनी रीत मात्र शाबूत होती. तिच्याच आड पाठशाळा लपवण्यात आली. पोमेरानियातल्या कोस्लिन आणि श्लावे या भागांत मुलांना वेगवेगळ्या पाळकांकडे नेमले गेले. पोलीसदप्तरी प्रत्येक जण कुणाचा तरी मदतनीस होता. राहायची आणि शिकायची ती सगळी एकत्र, कोस्लिनच्या पाळकाच्या घरात आणि ग्रोस-श्लोन्वित्सच्या पाळकवाड्यात. खुद्द बोनहोफर कागदोपत्री श्लावेच्या वरिष्ठ पाळकाचे मदतनीस होते. आठवड्यातून दोन्हीकडे त्यांच्या खेपा होत.

खरी परीक्षा पुढे होती. अशा ‘बेकायदा’ तरुणाला सरकारमान्य चर्चकडून ना पगार, ना घर. १९३८ मध्ये अधिकृत चर्चने त्यांना दार उघडले. आमच्याकडे या, आमची परीक्षा द्या, नेमणूक घ्या. लग्न ठरलेली, घरी म्हातारे आईवडील असलेली ही मुले. पुष्कळांनी ती वाट धरली. बोनहोफर यांचा तिला ठाम विरोध होता. त्यांचे बरोबर होते असे मला वाटते, पण त्यांच्यामागे बर्लिनचे सुखवस्तू घर होते, हेही विसरता येत नाही.

१९३९ मध्ये श्लोन्वित्सची मुले सिगुर्डस्होफ या वीज नसलेल्या शेतघरात गेली. मार्च १९४० मध्ये गेस्टापोने तेही बंद केले. बोनहोफर यांना एप्रिल १९४३ मध्ये अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छावणीत फाशी. त्यांचे अनेक विद्यार्थी त्याआधीच रणांगणावर पडले होते. अटक होईपर्यंत बोनहोफर त्यांना पत्रे पाठवत राहिले. परिपत्रकांवर बंदी आल्यावर ती खासगी पत्रे म्हणून जाऊ लागली. त्यांत आधी गेलेल्यांची नावे असत आणि मग, बर्फात, खंदकात, जमेल तिथे सकाळचे चिंतन चालू ठेवा, अशी आठवण.